वीतभर तोकडी तार

युरोपातल्या एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन देश होते. अलीकडच्या देशात ब्रेनहाफ नावाचं गाव होतं, पलीकडच्या देशात वाल्मों. दोन्ही गावांचा धंदा एकच, विमानं बांधण्याचा. महायुद्धात ब्रेनहाफच्या विमानांनी वाल्मोंवर बॉम्ब टाकले होते आणि वाल्मोंच्या विमानांनी ब्रेनहाफवर. युद्ध संपलं. दोन्ही गावांनी आपापली माणसं पुरली, पडलेल्या भिंती उभ्या केल्या आणि पुन्हा विमानं बांधायला घेतली. या वेळी ती प्रवाशांसाठी होती. पण ती विकत घेणार कोण? समुद्रापलीकडे एक अवाढव्य कारखाना होता आणि सगळ्या जगाला विमानं तोच पुरवत होता. त्याच्यापुढे ही दोन गावं म्हणजे कोपऱ्यातली दोन छोटी दुकानं. दोन्ही मरायला टेकली होती.

ब्रेनहाफच्या कारखान्याचा प्रमुख होता गेरोल्ड. हुशार माणूस, कष्टाळू, शिस्तीचा. रस्त्याने जाऊ लागला की लोक टोप्या काढून बाजूला होत. त्याला ते आवडायचं. गावाने आपल्याला मानावं, आणि आपलं गाव जगाने मानावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यात वाईट काहीच नव्हतं.

एके दिवशी पलीकडून एमरी आला. तो वाल्मोंच्या कारखान्याचा प्रमुख. त्याचे वडील आणि धाकटी बहीण ब्रेनहाफच्या बॉम्बखाली गेली होती. तरी तो आला. टोपी हातात घेऊन गेरोल्डच्या कचेरीत उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही एकटे मराल आणि आम्ही एकटे मरू. त्यापेक्षा एकच विमान दोघांनी मिळून बांधलं तर?"

गेरोल्ड म्हणाला, "तुमचे लोक आमच्या हातचा एक खिळा तरी लावून घेतील का?"

"नाही घेणार," एमरी म्हणाला. "मी त्यांना घ्यायला लावीन."

आणि त्याने लावलं. ते सोपं नव्हतं. वाल्मोंच्या बाजारात लोक त्याला पाहून तोंड फिरवायचे. त्याच्या स्वतःच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून ती त्याचं ताट वाढायची आणि आत निघून जायची. एमरी प्रत्येकाला एकच सांगायचा, "गेरोल्ड खरा माणूस आहे. त्याचा भरवसा मी देतो."

अशी ती जोडकंपनी उभी राहिली. विमानाचं पुढचं धड वाल्मोंमध्ये बांधायचं, मागचं धड आणि शेपूट ब्रेनहाफमध्ये. मागचा भाग होडीवर चढवून नदीतून पलीकडे न्यायचा आणि वाल्मोंमध्ये दोन्ही भाग जोडायचे. पहिलं विमान तयार झालं, उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण घेतलं कुणीच नाही. तयार विमानं मैदानात ओळीने उभी राहिली. त्यांच्या शेपटांवर कुणा घेणाऱ्याचं नाव नव्हतं, म्हणून ती पांढरीच. वाल्मोंची पोरं त्यांना भुतं म्हणायची. त्या काळात गेरोल्ड आणि एमरी रोज एकमेकांना फोन करायचे. बोलण्यासारखं काही नसायचं. "अजून आहेस ना?" एक विचारायचा. "आहे," दुसरा म्हणायचा. कधीतरी याच काळात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मग समुद्रापलीकडच्याच एका प्रवासी विमानकंपनीने चार विमानं चालवून बघायला घेतली आणि ती तिला आवडली. एकाचं पाहून दुसऱ्याने घेतली. बघता बघता जोडकंपनीची विमानं जगभर उडू लागली. ब्रेनहाफला नवी शाळा झाली, वाल्मोंला दवाखाना झाला. एमरीची आई एक दिवस स्वतःहून मैदानावर आली, शेपटावर हात ठेवून उभी राहिली आणि मुलाला म्हणाली, "चल, घरी जेवायला." त्या तीन शब्दांसाठी एमरी इतकी वर्षं थांबला होता.

दोघांचे केस पांढरे झाले. तेव्हा जोडकंपनीने ठरवलं, जगातलं सगळ्यात मोठं विमान आपण बांधायचं. दोन मजली, आख्खं गाव पोटात घेईल एवढं. गेरोल्ड आणि एमरीचं हे शेवटचं काम होतं. त्यात सगळं पणाला लागलं होतं, कारण हे जमलं तर जोडकंपनी पन्नास वर्षं पुढे, आणि फसलं तर तिच्यात दोन गावं पोसण्याची ताकद उरणार नव्हती.

त्या सुमारास वाल्मोंच्या लोकांनी आराखडे काढायची नवी पद्धत घेतली होती. सगळं संगणकावर. तार कुठून वळते, कुठे वाकते, वाकताना किती लांबी खाते, हे त्यात आधीच कळायचं. एमरीने बैठकीत सुचवलं, "ब्रेनहाफनेही हीच पद्धत घ्यावी. एका विमानाचे दोन भाग दोन पद्धतींनी काढणं बरं नव्हे."

गेरोल्डला ते लागलं. वाल्मों आपल्याला शिकवणार? तो उठून उभा राहिला आणि भर सभेत म्हणाला, "आमची पद्धत आजवर एकदाही चुकलेली नाही. आम्हाला शिकवायला कुणी येऊ नये."

एमरीने त्याच्याकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला. मित्राला चारचौघांत खाली बघायला लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

काम सुरू झालं. विमानाच्या पोटात तारांची शेकडो जुडगी असतात. दिवे, पंखे, पडदे, इशारे, सगळं त्यांच्यावर चालतं. मागच्या भागातली जुडगी ब्रेनहाफने भरायची आणि पुढच्या भागातल्या जुडग्यांना ती वाल्मोंमध्ये जोडायची. मार्गिट नावाची इंजिनिअर हे खातं सांभाळायची. गेरोल्डच्या हाताखाली तिची उमर गेली होती. एक दिवस दुपारी ती कचेरीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"साहेब, तारा पुरणार नाहीत."

"म्हणजे?"

"वळणावर त्या जास्त लांबी खातायत. आपल्या आराखड्यात ते धरलेलंच नाही. वाल्मोंच्या टोकापर्यंत त्या पोचायच्या नाहीत. वीतभर कमी पडतील."

"एखादी तार?"

"सगळ्याच."

गेरोल्ड खिडकीशी गेला. खाली अंगणात मागचं धड उभं होतं, घरापेक्षा उंच, आणि त्याच्याभोवती माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. सभेतलं आपलंच वाक्य त्याच्या कानात वाजत होतं.

"आत्ता सांगितलं तर निभावेल," मार्गिट म्हणाली. "जुडगी बाहेर काढायची, पुन्हा बांधायची. वाल्मोंचे लोक मदतीला येतील. उशीर होईल, पण निभावेल."

"आणि ते काय म्हणतील?"

"म्हणतील, ब्रेनहाफ चुकलं. म्हणू दे ना साहेब. चुकलोच आहोत."

तिचं बरोबर आहे हे गेरोल्डला कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती सभा आली, तिथल्या वाल्मोंच्या माणसांचे चेहरे आले. पुढच्या विमानाचं काम कुणाला द्यायचं हे ठरायचं होतं. आज चूक कबूल केली तर उद्या काम जाईल, गाव उपाशी पडेल, असं त्याने मनाशी म्हटलं. गावाचं नाव पुढे केलं की त्याला स्वतःचा गर्व दिसेनासा व्हायचा. तो म्हणाला, "जोडताना जरा ओढून घेऊ. तू कुणाशी बोलू नकोस."

मार्गिट दार उघडून निघून गेली.

काही दिवसांनी एमरी नदी ओलांडून आला. कचेरीत न जाता तो सरळ गेरोल्डच्या घरी गेला. गेरोल्डची बायको इडा हिने बटाट्याचं सूप आणि राय नावाच्या धान्याची भाकरी वाढली. एमरी पोटभर जेवला. आईने तुझी विचारपूस केली आहे, म्हणाला. ती आता नव्वदीला टेकली होती आणि पलीकडच्या माणसाची चौकशी तिने आयुष्यात पहिल्यांदाच केली होती. इडाला ते ऐकून भरून आलं.

जेवण झाल्यावर एमरीने टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"उद्या सगळ्या ग्राहकांसमोर मी उभा राहणार आहे," तो म्हणाला. "दोन्ही देशांचे मंत्री येणार आहेत. विमान ठरल्या दिवशी देतो, असा शब्द देणार आहे. म्हणून आलो. कागद सगळे बघितले, सगळे ठीक आहेत. पण मला कागद नको, तुझ्या तोंडून ऐकायचंय. तुझ्याकडचं सगळं नीट आहे ना?"

इडा भांडी उचलता उचलता थांबली. गेरोल्डच्या मनात वाक्य तयार होतं. 'एमरी, तारा तोकड्या पडतायत.' चार शब्द. ते जिभेवर आले होते. समोर बसलेला माणूस रागावणार नाही, टर उडवणार नाही, कोट काढून कामाला लागेल, हे तो पक्कं जाणून होता. जगात हे सांगायला याहून बरी जागा नव्हती आणि याहून बरा माणूस नव्हता.

"सगळं नीट आहे," गेरोल्ड म्हणाला.

"झालं तर मग," एमरी म्हणाला आणि हसून उठला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर शब्द दिला.

मागचं धड होडीवरून वाल्मोंला गेलं. दोन्ही काठांवर लोक रुमाल हलवत उभे होते. मोठ्या शेडमध्ये दोन्ही भाग समोरासमोर आणले. केसाचंही अंतर न राहता धडाला धड लागलं आणि लोकांनी जल्लोष केला. मग तारा जोडणारे आत शिरले. जल्लोष चालू असतानाच त्यातला एक जण बाहेर आला. त्याने एमरीला हाताला धरून आत नेलं. एमरीने पाहिलं. या बाजूने जुडगी लोंबत होती, त्या बाजूने जुडगी लोंबत होती, आणि मध्ये वीतभर रिकामी जागा. एका जुडग्याची नव्हे, शेकडो जुडग्यांची. त्याने एक तार हातात घेऊन ओढून पाहिली. ती येणारी नव्हती.

तारा ओढून पुरत नाहीत. ब्रेनहाफहून माणसांच्या टोळ्या आल्या. विमानाच्या पोटात उकिडवे बसून ते तारा सोडवू लागले, नव्या घालू लागले. एक जोडली की शेजारची सुटायची. दोन भाषांतले लोक अरुंद जागेत एकमेकांना शिव्या देऊ लागले. वाल्मोंचे लोक पुन्हा ते जुने शब्द काढू लागले, जे इतक्या वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. महिने गेले, वर्ष गेलं, दुसरं लागलं. ज्यांना शब्द दिला होता ते ग्राहक थांबून थांबून उठले आणि समुद्रापलीकडच्या कारखान्याकडे गेले.

शेवटी एमरीला जाब विचारायला बोलावलं. मोठं सभागृह होतं. गेरोल्ड तिसऱ्या रांगेत बसला होता. जोडकंपनीच्या अध्यक्षांनी विचारलं, "सगळं नीट आहे असं आपण कशाच्या जोरावर सांगितलंत? ब्रेनहाफने आपल्याला तसं कळवलं होतं का?"

एमरीची नजर रांगांवरून फिरली. गेरोल्डपाशी ती आली आणि थांबली. त्या नजरेत राग नव्हता. एमरी वाट बघत होता.

गेरोल्डने खुर्चीचे हात घट्ट धरले. पुढच्या प्रश्नाला उठू, असं त्याने ठरवलं.

"मी स्वतः खात्री करून घेतली होती," एमरी म्हणाला. "जबाबदारी माझी आहे."

पुढचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. एमरीला त्याच दिवशी कामावरून काढलं. दाराकडे जाताना तो गेरोल्डच्या रांगेजवळून गेला, पण आता त्याने तिकडे बघितलं नाही.

ते विमान अखेर उडालं. फार देखणं उडालं. पण तोवर जगाची हौस फिटली होती. थोडीच विमानं विकली गेली आणि मग ते बांधणं बंद झालं. दोन कारखाने चालवणं जोडकंपनीला झेपेना. एक बंद करायचा ठरला. कुठला, यावर फार वेळ बोलणं झालं नाही. ब्रेनहाफचा.

ज्या गावासाठी आपण गप्प बसलो असं गेरोल्ड म्हणायचा, ते गाव त्याच्या डोळ्यांदेखत रिकामं झालं. आधी तरुण गेले, मग त्यांच्या मागे त्यांचे आईबाप. शाळेत वर्ग भरेनात. मार्गिट जाताना निरोप घ्यायला आली. सामानाची गाडी रस्त्यात उभी होती.

"साहेब, मी तुमच्याकडे येऊन सांगितलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही गप्प राहा म्हणालात तशी गप्प राहिले. नदी ओलांडून एमरी साहेबांकडे जायला हवं होतं. ते माझ्याच्यानेही झालं नाही." एवढं बोलून ती गाडीत बसली.

गेरोल्डला घास गोड लागेना. इडाने त्याला कधी काही विचारलं नाही, पण त्या दिवशी टेबलाशी ती होती, आणि तिला कळायचं ते कळलं होतं. ती त्याच्याशी नीट बोलायची, नीट वागायची, फक्त त्याच्याकडे बघायची नाही. शेवटी म्हातारपणी एका सकाळी त्याने कोट घातला आणि नदी ओलांडली.

एमरी घरामागच्या वेलीवरच्या शेंगा तोडत होता. आई केव्हाच गेली होती. तो एकटाच राहायचा. गेरोल्ड कुंपणाशी उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मार्गिट कधी आली, काय म्हणाली, आपण काय उत्तर दिलं, जेवणाच्या टेबलाशी आपल्याला सगळं ठाऊक होतं. एमरी शेंगा तोडत ऐकत राहिला.

"मला त्याच सभागृहात कळलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या चेहऱ्यावरून."

"मग तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

"ते तू घ्यायचं होतंस."

गेरोल्ड म्हणाला, "एमरी, मी आता काय करू? सांग, जे सांगशील ते करीन."

एमरीने टोपली खाली ठेवली. पहिल्यांदाच तो वळून उभा राहिला. खूप थकलेला दिसत होता.

"त्या दिवशी जेवताना सांगितलं असतंस, तर मी तार वीतभर वाढवली असती," तो म्हणाला. "आज सांगतोयस. आज मी काय वाढवू?"

"तुझ्या गावाला सांगितलंस?" एमरीने विचारलं.

"नाही."

"म्हणजे तिथे अवघड वाटलं, म्हणून इथे आलास." असं म्हणून एमरीने टोपली उचलली आणि तो घरात गेला. दार त्याने जोरात लावलं नाही. हळूच ओढून घेतलं.

गेरोल्ड ब्रेनहाफला परतला आणि सरळ चौकात गेला. सांगायचंच, असं या वेळी त्याने ठरवलं होतं. एके काळी कारखान्याचा भोंगा झाला की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता बाकावर चार म्हातारे ऊन खात बसले होते. त्याला पाहून ते सवयीने उठू लागले.

"बसा," गेरोल्ड म्हणाला. "उठू नका माझ्यासाठी." आणि उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं.

इतकी वर्षं तो त्यांच्या रागाला भीत होता. आता तो राग यावा म्हणून तो थांबला. कुणी अंगावर धावून यावं, कुणी थुंकावं. त्यातल्या कोनराडची दोन्ही मुलं दूर देशी गेली होती आणि नातवंडांना त्याची भाषाही येत नव्हती. निदान त्याने तरी काहीतरी बोलावं.

कोनराडने डोळ्यांवरचं ऊन हाताने अडवलं. म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, साहेब." मग म्हणाला, "पण आता ते कुणाला सांगायचं? कुणी राहिलंय का इथं?"

बाकीचे तिघे रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. ऊन सरकलं तसे ते एकेक करून उठले आणि आपापल्या घरी गेले. गेरोल्ड चौकात एकटाच उभा राहिला.

तात्पर्य: चूक कळली त्याच दिवशी ती सांगावी, कारण तेव्हा खरं बोलण्याने काम वाचतं आणि माणूसही वाचतो. मान राखण्यासाठी दडवलेलं खरं उशिरा बाहेर आलं, तर ते कुणाच्याच उपयोगी पडत नाही, सांगणाऱ्याच्याही नाही.